काउंट पूर्ण होईपर्यंत थांब

पुणे

चि. सायली,

ससूनमध्ये सर्जरीची रेसिडेन्सी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस, "उद्या कुणी केस केली तर?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपल्या पुण्यातलाच एक खटला वाच : लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले.

मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाचं डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावात पायाला फळ्या बांधल्या गेल्या, आणि तीन दिवसांनी टॅक्सीतून अकरा तासांचा प्रवास करून त्याला पुण्यात आणलं. सर्जन जोशींनी मॉर्फियाची दोन इंजेक्शनं सांगितली होती, सहायकाने एकच दिलं. थिएटरमध्ये तासाभराने प्लास्टर झालं. मुलाचे वडील गोडबोले स्वतः डॉक्टर होते. सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असं त्यांना सांगितलं गेलं, त्या भरवशावर ते दौंडला परतले. रात्री नऊला मुलगा गेला.

मृत्यू फॅट एम्बॉलिझमने, म्हणजे चरबीचे कण रक्तवाहिन्यांत अडकल्याने झाला, असं सर्जनचं म्हणणं होतं. न्यायालयांनी ते मानलं नाही : भूल न देता, जोर लावून हाड बसवायला गेल्यामुळे धक्का (शॉक) बसून मृत्यू झाला, असा निष्कर्ष निघाला. भरपाई तीन हजार रुपये. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम करताना डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि ते करताना, तिन्ही वेळी काळजी घ्यायची. एक डॉक्टर बाप शब्दावर विसंबून मुलापासून दूर गेला, हे मात्र मला त्या निकालातलं सर्वांत जड वाक्य वाटतं. मग ज्यांना वैद्यकातलं काहीच कळत नाही, ते तुमच्या शब्दावर किती विसंबत असतील!

दुसरी घटना औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातली. जुलै 1963 मध्ये बाळंतपणानंतर एका बाईंची नसबंदी झाली. त्यांचं पोट दुखत राहिलं. 19 तारखेला पोट पुन्हा उघडलं, तर आत मॉप, म्हणजे रक्त टिपायचा कपडा, राहिलेला आणि पू झालेला. 24 तारखेला त्या गेल्या. चूक नेमकी कुणाची, हे ठरवता आलं नाही तरी सरकार जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते 1996 मध्ये. घरच्यांनी जवळपास तेहेतीस वर्षं वाट पाहिली.

सिस्टर मॉप मोजत असते तेव्हा तुमचे सर घाईत असतील, पुढची केस टेबलावर यायची असेल. तरीही थांब. काउंट जुळला नाही तर मोठ्याने सांग. तू सर्वांत ज्युनियर आहेस म्हणून तर नक्कीच सांग. अशा थांबण्याने काय साधतं ते पाहा. वडिलांकडून मूळचे उमरखेडचे, अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 19 मुद्द्यांची यादी तयार करवली. भुलेआधी, काप घेण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी सगळ्यांनी थांबून खात्री करायची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही.

रुग्ण दगावला की डॉक्टर गुन्हेगार, असं कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी खटल्यासाठी घोर, अक्षम्य निष्काळजीपणा दिसावा लागतो. ग्राहक न्यायालयाची वाट 1995 पासून खुली आहे, आणि तिथे तुझी केसपेपरवरची नोंद बोलते. नोंद त्याच वेळी लिही, वेळ घाल, नंतर खाडाखोड करू नकोस. रुग्णाने मागितल्यास कागद 72 तासांत द्यावे लागतात.

आणि काही बिघडलं तर नातेवाइकांकडे वॉर्डबॉयला पाठवू नकोस. वरिष्ठांना घेऊन स्वतः जा, त्यांना बसव, मराठीत सांग : काय झालं, आता काय करतो आहोत, काय अजून कळलेलं नाही. त्यांचे प्रश्न संपेपर्यंत तिथून उठू नकोस.

तुझी,
शैलाआत्या