ताण वाढला, की सांधे का धरतात?

सांगलीच्या एका वाचक भगिनींना आमवात आहे. कृष्णेचं पाणी चढू लागलं, की २०१९ चा महापूर आठवून त्यांची झोप उडते, बोटं सुजतात. व्यायाम थांबवावा का, असं त्या विचारतात.

मुळीच नाही. ही सूज म्हणजे मनाचा खेळ नव्हे. ताणात शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतं, ते दाह आवरतं; पण ताण लांबला, की प्रतिकारपेशी त्याला दाद देईनाशा होतात आणि दाह वाढतो. स्वीडनमधल्या एक लाखाहून अधिक ताणविकारग्रस्तांच्या २०१८ मधील अभ्यासात आमवातासारखे स्वयंप्रतिकार आजार इतरांपेक्षा जास्त आढळले. ताण हेच एकमेव कारण, असं मात्र त्यातून ठरत नाही. म्हणून बाईंनी स्वतःला बोल लावू नये. भीती घरी आणि डॉक्टरांपाशी मोकळी करावी.

आता व्यायामाबद्दल. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात मॅरेथॉनचे धावपटू चढतात. तेवढी चढण इथे कुणी मागत नाही. सकाळचा ताठरपणा ओसरल्यावर कोमट पाण्यात बोटं हळूहळू उघडावीत, मिटावीत. मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालावं.

सांधा गरम, लाल असेल, तर त्याला विश्रांती आणि बाकी अंगाला हालचाल. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. व्यायामानंतरचं वाढीव दुखणं दोन तासांनीही टिकलं, तर पुढच्या खेपेला व्यायाम निम्मा करावा.