फोर्टातल्या जुन्या इमारतीत गाळा घेताय? सही करण्याआधी हा हिशेब मांडा

फोर्ट, काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट या भागात कॅफे किंवा दुकान काढू पाहणारे बहुतेक जण आधी भाडं आणि अनामत विचारतात, मग आतल्या सजावटीचं कोटेशन मागवतात. इमारत जुनी असल्यामुळे येणारा खर्च ‘नंतर बघू’वर जातो. खरं तर अशा इमारतीत चुना किंवा सागवान फारसं महाग पडत नाही. महाग पडतात ते परवानगीची वाट पाहण्यात गेलेले महिने आणि चुकीचं झालेलं काम उखडून पुन्हा करणं. दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतं, पण करारावर सही व्हायच्या आधी.

पहिली चौकशी इमारतीच्या वारसा श्रेणीची करा. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली, देशातली अशी पहिलीच. आता त्या तरतुदी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये आहेत. श्रेणी १ च्या इमारतीत आतबाहेर जवळपास काहीच बदलता येत नाही, बळकटीसाठी लागेल तेवढंच करता येतं. २ अ मध्ये आत बऱ्यापैकी मोकळीक असते, पण बाहेरच्या रूपाची छाननी होते. २ ब मध्ये त्याच भूखंडावर सुसंगत वाढीव बांधकामालाही वाव असतो. श्रेणी ३ सर्वांत सैल. इमारत स्वतः यादीत नसूनही वारसा परिसरात येऊ शकते. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा त्या पट्ट्यालगत तर विचारायलाच हवं. इमारतीचा सी. एस. (भूमापन) क्रमांक घेऊन महापालिकेच्या वारसा विभागात जा. दलालाच्या ‘काही प्रॉब्लेम नाही साहेब’वर विसंबू नका.

आता आकडे. समजा, कॅफेसाठी लिव्ह अँड लायसन्सवर गाळा मिळतोय: भाडं महिना २ लाख, परत मिळणारी अनामत १२ लाख, मुदत ५ वर्षं. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं १२० लाख अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं मानीव व्याज ६ लाख, अशा १२६ लाखांवर लागतं. म्हणजे ३१,५०० रुपये. नोंदणी फी १,०००. इथवर सोपं आहे.

खरा चिमटा जीएसटीचा. व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के, म्हणजे महिन्याला ३६ हजार. कपड्यांचं दुकान असेल तर विक्रीवरच्या करातून सहसा त्याची वजावट मिळते. कॅफे मात्र ग्राहकाकडून ५ टक्के कर घेतो आणि त्या बदल्यात वजावटीचा हक्क सोडतो. त्यामुळे भाडं, सजावट, वास्तुविशारदाची फी, सगळ्यांवरचा जीएसटी त्याच्या खिशातून जातो. म्हणजे तुमचं भाडं २ लाख नाही, २ लाख ३६ हजार आहे. परवानगी आणि काम यांत चार महिने गेले, तर एक कप कॉफी न विकता ९ लाख ४४ हजार गेले.

म्हणून भाव करताना भाडं दहा हजारांनी खाली आणण्यापेक्षा एक कलम मिळवा: वारसा समितीची आणि महापालिकेची परवानगी हातात येईपर्यंत भाडं नाही, किंवा निम्मं. पाच वर्षांत दहा हजारांची सूट ६ लाखांची होते, कर धरून ७ लाख ८ हजार. वरच्या हिशेबातले चार महिने पूर्ण माफ झाले तर त्याहून जास्त वाचतात. परवानगी नाकारली गेली तर करार रद्द आणि अनामत परत, हेही त्याच कलमात लिहून घ्या.

पागडीचा गाळा असेल तर गणित वेगळं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार जागा दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने हात वर केले तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या गोठलेल्या भाड्याचा चौथा हिस्सा म्हणजे किती, ते सांगायला नको. फोर्टातल्या कित्येक सुंदर इमारती नेमक्या या फटीत सापडून झिजल्या आहेत: मालकाला परवडत नाही, भाडेकरूला वसूल होत नाही. इमारत रिकामी पडण्यापेक्षा तिथे चालणारा धंदा असावा, असं मला ठामपणे वाटतं ते यामुळेच. भिंतीत मुरलेलं पाणी आधी कुणाच्या लक्षात येत असेल तर ते रोज शटर उघडणाऱ्याच्या.

कामाकडे वळू. जुन्या दगड-विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मग गिलावा काढायचा, भिंत सुकू द्यायची, पुन्हा चुना लावायचा, म्हणजे तिप्पट मजुरी. चुन्याचं काम थरांमध्ये आणि सावकाश होतं, तेव्हा ते वेळापत्रकात सुरुवातीलाच धरा. दगडावर प्लास्टिक पेंट नको, सँडब्लास्टिंग तर मुळीच नको. संवर्धन वास्तुविशारदाकडून दोन टप्प्यांचं कोटेशन घ्या: पाहणी आणि समितीसाठीची रेखाचित्रं वेगळी, प्रत्यक्ष काम वेगळं. परवानगी अडली तर दुसऱ्या टप्प्याची फी वाचते.

कॅफेवाल्यांनी धुराड्याचा मार्ग पहिल्याच दिवशी ठरवावा. दर्शनी भागावर पाइप चालणार नाही. मागची हाऊस गल्ली मिळते का आणि शेजाऱ्यांची हरकत आहे का, हे आधी पाहा. तो मार्गच नसेल तर गाळा सोडा, किंवा स्वयंपाक दुसरीकडे करून इथे फक्त वाढा.

पाटी एकदाच करा. दादाभाई नौरोजी रस्त्यावर आभा नारायण लांबा यांच्या आराखड्यानुसार पाट्या कमानींच्या आत बसवल्या गेल्या, दुकानदारांनी साथ दिली, आणि झाकलेल्या कमानी पुन्हा दिसू लागल्या. धंदा कुणाचा बुडाला नाही. मराठी अक्षरं आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेली, हा २०२२ च्या दुरुस्तीनंतरचा नियमही त्याच चौकटीत बसवा. तो मोडला तर प्रति कामगार २ हजारांपर्यंत दंड, आठ माणसांच्या कॅफेला १६ हजार. प्रकाशित पाटीसाठी महापालिकेचा परवाना वेगळा आणि त्याची फी आवर्ती. एवढ्याशा पाटीच्या मंजुरीला ठरलेली मुदत असायला हवी, ही छोट्या दुकानदारांची मागणी रास्त आहे.

शेवटी, ताबा घेताना प्रत्येक भिंत, फरशी, दार आणि छत यांचे तारखेसह फोटो काढून करारासोबत जोडा. आधीच फुटलेल्या मिंटन टाइलचे पैसे पाच वर्षांनी तुमच्या अनामतीतून कापले जाऊ नयेत म्हणून.