गावाकडचं नवं स्वयंपाकघर : परदेशात नव्याने आलेल्या माणदेशी मंडळींसाठी

परदेशात नोकरीत जरा जम बसला की दहिवडी, म्हसवड, आटपाडीकडच्या घरी आईला नवं मॉड्युलर किचन करून द्यावं, असं मनात येतंच. आखातात आणि युरोप-अमेरिकेत आधी येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी हे काम लांबूनच करून घेतलं आहे. त्यांच्या सांगण्याचं सार एवढंच, की पैसा आधी पाण्यावर, ओट्यावर आणि सांगाड्यावर घाला; दारांच्या चकाकीचा विचार शेवटी.

१. आईच्या मापाचा ओटा
मिस्त्री सगळीकडे एकाच उंचीचा ओटा घालतो. तुम्ही मात्र आईला उभं राहून कोपर वाकवायला सांगा आणि कोपराच्या ४ ते ६ इंच खाली ओटा धरा. भाकरी थापताना जोर खांद्यातून लागतो. ओटा उंच झाला तर रोज खांदे भरून येतात. आईला चूल हवी असेल तर मागच्या पडवीत धूर बाहेर जाईल अशी जागा द्या. ज्वारी-बाजरीच्या कोठ्यांची जागाही नकाशातच दाखवा.

२. पाण्याचा खर्च पहिला
आपला मुलूख पर्जन्यछायेतला. उरमोडी, टेंभूचं पाणी शिवारात आलं, तरी घरचा नळ रोज येईलच असं नाही. म्हणून हौद, वरची टाकी, मोटर आणि पाइप यांचा खर्च किचनच्याच बजेटमध्ये धरा. बोअरच्या जड पाण्याने नळावर पांढरा थर चढतो. जाळी काढून धुता येईल असा साधा, दणकट नळ घ्या. आरओ बसवलात तर त्यातून बाहेर पडणारं पाणी साठवायची सोय करा, भांडी घासायला होतं.

३. सांगाडा
सिंकखाली पार्टिकल बोर्ड नको. ओल लागली की तो फुगतो. प्लाय घेतलात तर बीडब्ल्यूपी प्रतीचा, आयएस ७१० शिक्क्याचा घ्या आणि वाळवीचा उपाय काम सुरू होण्याआधी करून घ्या. बजेट कमी असेल तर कडप्प्याची मांडणी, ३०४ स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेरून दारं, एवढ्यात काम उत्तम होतं. कडप्पा फुगत नाही आणि त्याला वाळवीही लागत नाही.

४. कोटेशन वाचताना
समजा एल आकाराच्या ओट्याची एक भिंत १० फूट, दुसरी ६ फूट आणि रुंदी २ फूट आहे. कुणी १६ रनिंग फूट लावतो. पण कोपरा दोनदा मोजला गेलाय. खरं माप १४ फूट. ग्रॅनाइटचेही २८ चौरस फूटच होतात, ३२ नाहीत. दर रनिंग फुटाचा आहे की दाराच्या चौरस फुटाचा, त्यात ट्रॉल्या, बिजागऱ्या, वाहतूक, जुना ओटा फोडणं आणि जीएसटी आहे का, हे लेखी घ्या. तीन कोटेशनं एकाच यादीवर मागवा, नाहीतर तुलना होत नाही.

५. तीन लाखांची वाटणी
नमुन्यादाखल अशी धरा :
- पाणी, वायरिंग, ओटा, फरशी : ९० हजार
- सांगाडा आणि दारं : १ लाख २० हजार
- ट्रॉल्या, बिजागऱ्या, सिंक : ४५ हजार
- राखीव : ४५ हजार

राखीव रकमेला शेवटपर्यंत हात लावू नका; जुनी भिंत फोडल्यावर आतलं काम निघतंच. हिशेब रुपयांत ठेवा, कारण डॉलर-दिरहमचा भाव काम संपेपर्यंत बदलतो.

६. पैसे टप्प्याटप्प्याने
इसार, माल घरी आल्यावर, बसवून झाल्यावर आणि महिनाभर वापरून पाहिल्यावर, असे चार हप्ते पाडा. फोटोत माप कळत नाही; भाऊ, मेहुणा, कुणीतरी टेप घेऊन जागेवर हवा. मार्गशीर्षातल्या सिद्धनाथाच्या रथयात्रेला पाहुणे येणार म्हणून कारागिराला घाई करू नका. दिवाळीआधीच संपेल असं काम धरा, किंवा सरळ यात्रेनंतर सुरू करा.

इसार देण्याआधी कोटेशन इथल्या जुन्या कुटुंबांपैकी कुणालाही दाखवा. वाचून सांगायला आम्ही आहोत. संकोच करू नका.