हौशी नभोवाणी : सार्वजनिक लहरींवरील आपला हक्क

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका टेबलावर आम्ही दोन लहान बझर मांडले होते. नऊ व्होल्टची बॅटरी, पत्र्याची पट्टी, लाकडी फळी आणि सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेली वायर, एवढेच साहित्य. मोर्स लिपीतील टिंब आणि रेघ वापरून मुले आपापली नावे पलीकडे पाठवीत होती. प्रदर्शन पाहण्यास आलेल्या एका पालकांनी आम्हाला विचारले, "सर, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे शिकवून उपयोग काय?" प्रश्न रास्त होता, परंतु त्या गर्दीत त्याचे उत्तर देता आले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आकाशवाणीवर बोलणारा एक असतो आणि ऐकणारे लाखो. हौशी नभोवाणीत, जिला जगभर 'हॅम रेडिओ' म्हणतात, प्रत्येक केंद्र बोलते आणि ऐकतेही. सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेली व्यक्ती आपल्या घरातील यंत्रावरून देशातील वा परदेशातील दुसऱ्या परवानाधारकाशी थेट संवाद साधते. मध्ये कोणतीही कंपनी नाही, मनोरा नाही, मासिक बिल नाही. मोबाइल आणि हॅम यांतील मुख्य भेद येथेच आहे. मोबाइलचे बोलणे मनोऱ्यावर अवलंबून असते. मनोरा बंद पडला की खिशातील यंत्र मुके होते.

आपल्या शहराला नभोवाणी नवी नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांमध्ये पाच नभोवाणी केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा आणि औरंगाबाद. निजामाच्या राजवटीतील हे केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीकडे आले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त ऐकून घ्यावे लागले होते, त्यांच्या मुलांनी बोलावे, लिहावे, प्रश्न विचारावेत, यासाठी नागसेनवन उभे राहिले. ऐकणारा आणि बोलणारा यांतील अंतर किती मोठे असते, हे आपल्या समाजाइतके कोणास ठाऊक असणार? १९२० मध्ये बाबासाहेबांनी आपल्या पहिल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' ठेवले, ते उगाच नव्हे.

भारतातील हौशी नभोवाणीचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये परवाना मिळाला. ते देशातील पहिले हॅम मानले जातात. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने परवाने थांबविले आणि प्रक्षेपक यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश काढले. प्रजेच्या हातातील प्रक्षेपकाची सत्तेला किती धास्ती वाटते, हे त्यावरून कळते. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविला. त्याच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या जुन्या हॅमच्या तंत्रज्ञानाचा हातभार होता. तो ४२.३४ मीटरवर ऐकू येई. म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. आज हौशी सेवेला दिलेला ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा नेमका हाच. त्या काळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि 'चले जाव' आंदोलनाविषयी त्यांची भूमिका वेगळी होती, हे आम्ही विसरत नाही. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने मतभेदासह वस्तुस्थितीची नोंद घेतली पाहिजे.

आणखी एक नोंद आपल्या वाचकांना विशेष वाटेल. १५ मे १९४८ रोजी हौशी नभोवाणीची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, ती महू येथील लष्कराच्या सिग्नल्स प्रशिक्षण केंद्रात. तीच पुढे दिल्लीला गेली आणि 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' या नावाने ओळखली जाऊ लागली. महू म्हणजे सुभेदार रामजी लष्करी सेवेत असताना बाबासाहेबांचा जन्म झाला ते गाव. हा केवळ योगायोग आहे, त्यातून मोठा अर्थ काढण्याचे कारण नाही. पण १४ एप्रिलला महूला जाणाऱ्या आपल्या बांधवांनी हीही माहिती मुलांना जरूर सांगावी.

आता उपयोगाकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. अशा आपत्तीत सर्वप्रथम तुटते ते दळणवळण. कोणत्या गावात काय घडले, कोठे डॉक्टर हवेत, कोठे तंबू हवेत, हे कळविण्याचे साधनच उरत नाही. त्या वेळी मराठवाड्याच्या मदतीला जे आले, त्यांत हॅमही होते. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद या हॅम सहकाऱ्यांसह अंदमानातून प्रक्षेपण करण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू छंदाचा होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि तेच केंद्र द्वीपांवरील माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविण्याचे साधन बनले.

हे घडते कसे? जमिनीपासून उंचावर असलेला वातावरणाचा विद्युत्‌भारित थर विशिष्ट लहरींना परत खाली वळवितो. त्यामुळे ७ मेगाहर्ट्‌झची लहर दिवसा काही शे किलोमीटर आणि रात्री त्याहून पुष्कळ दूर जाते. तिच्यासाठी लागते सुमारे २० मीटर लांबीची तांब्याची तार, मध्ये केबल जोडून दोन झाडांमध्ये ताणलेली. यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झवरील हातात मावणारा संच मात्र जवळपास डोळ्यांच्या टप्प्यातच बोलतो; मध्ये डोंगर आला की आवाज अडतो. म्हणूनच उंचीवर पुनःप्रक्षेपक बसवावा लागतो.

ठिकठिकाणचे हॅम क्लब याच गोष्टींचा सराव करतात. रोज ठरलेल्या वेळी सगळे एका लहरीवर जमून हजेरी देतात. त्याला 'नेट' म्हणतात. लपवून ठेवलेला प्रक्षेपक दिशादर्शक अँटेनाने शोधण्याची 'फॉक्स हंट' ही मुलांची आवडती स्पर्धा. संभाषणाचा पुरावा म्हणून पाठविली जाणारी 'क्यूएसएल' पोस्टकार्डे आणि तारीख-वेळेसह ठेवलेली लॉगबुके ही आमच्यासारख्या इतिहासाच्या माणसाला अस्सल साधने वाटतात. आपल्याला जवळची म्हणावी अशी राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था हैदराबादला आहे. मुंबईतही जुन्या संघटना आहेत.

आता आम्हाला मुख्यतः जे सांगायचे आहे ते. प्रदर्शनाच्या दिवशी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मुलांनी नावे पाठविली, पण आडनाव एकानेही पाठविले नाही. कारण विचारले, तर म्हणाली, "लांबतं सर, हात दुखतो." आम्ही हसलो, परंतु पुढे विचार करू लागलो. हॅमला सरकार जे संकेतनाम देते, त्यात आडनाव नसतेच. 'व्हीयू' ही भारताची ओळख, पुढे आकडा आणि अक्षरे. ऐकणाऱ्याला कळते ते एवढेच की हा भारतातील परवानाधारक आहे आणि परीक्षा देऊन येथे आला आहे. आडनाव विचारून घराची पायरी ठरविणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नाही. यंत्र जात नष्ट करीत नाही, हे आम्ही जाणतो. पण जेथे ओळख कर्तृत्वावर ठरते, अशी प्रत्येक जागा आपल्या मुलांनी पाहिली पाहिजे आणि तेथे उभे राहिले पाहिजे.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हा निर्णय वाचताना आम्हाला चवदार तळे आठवते. तेही सार्वजनिकच होते. कागदावर खुले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी तेथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले. ते पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो. प्रश्न समतेचा होता, हे बाबासाहेबांनी महाडलाच स्पष्ट केले. लहरींचेही तसेच आहे. त्यांच्यावाचून आपले अडले नसेल. पण कायद्याने खुल्या असलेल्या गोष्टीकडे आपण फिरकलोच नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. येथे अडसर कोणा पहारेकऱ्याचा नाही. माहितीचा अभाव, इंग्रजीची भीती आणि यंत्राची किंमत यांचा आहे. शाळेने आणि समाजाने मिळून दूर करावेत असेच हे अडसर आहेत.

काही कार्यकर्ते विचारतील, या लहरींवर चळवळीचे बोलता येते काय? नाही. हौशी सेवेच्या नियमांनुसार राजकीय वाद, व्यापार, जाहिरात, खोटे वा दिशाभूल करणारे संदेश, असभ्य भाषा आणि निरर्थक प्रक्षेपण यांना मनाई आहे. चळवळीसाठी आपली नियतकालिके आणि सभा आहेत. परंतु हे नियम वाचताना आम्हाला सम्यक वाचेची आठवण झाली. असत्य, चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड यांपासून विरत राहण्यास तथागतांनी सांगितले. यांतील बहुतेक मर्यादा परवानाधारकाला कायद्यानेही पाळाव्या लागतात. आधी ऐकावे, लहर मोकळी आहे याची खात्री करावी, स्वतःची ओळख द्यावी, मोजके बोलावे आणि दुसऱ्यासाठी जागा सोडावी. समाजमाध्यमांवर वाढणाऱ्या मुलांना याहून चांगला धडा कोणता? ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतल्याचे सांगितले होते. अनोळखी माणसाचा निरोप विनामोबदला पुढे पोहोचविणे, हे त्या बंधुतेचेच आचरण होय.

परवान्यासाठी वयाची किमान अट १२ वर्षांची आहे. म्हणजे आमच्या सातवी-आठवीच्या मुलामुलींनाही परीक्षा देता येते. विद्युतशास्त्र व रेडिओचे प्राथमिक ज्ञान आणि नियम, असा अभ्यास असतो. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे, म्हणून शाळेत आम्ही केवळ वायरीवर सराव करतो, हे पालकांनी निश्चिंतपणे लक्षात घ्यावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वीज मंडळात आहेत, कोणी लष्कराच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त झाले आहेत, कोणी अभियंते आहेत. त्यांना आमची विनंती आहे : वर्षातून दोन रविवार शाळेला द्यावेत. वापरात नसलेला रिसीव्हर, सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर, जे असेल ते आणावे. एखाद्या मुलीच्या परीक्षेचा खर्च उचलावा. पालकांनी मुलींना यात मागे ठेवू नये.

ज्या पालकांनी तो प्रश्न विचारला, त्यांना आमचे उत्तर असे : मोबाइल आपल्या मुलांच्या हाती विकत आला आहे; हा परवाना त्यांना अभ्यास करून मिळवावा लागेल. आणि उद्या मराठवाड्यात पुन्हा कधी काळरात्र आलीच, तर गावाचा पहिला निरोप बाहेर पोहोचविणारा हात आपल्या शाळेतून गेलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.