तैलीय त्वचेवर टिकणारे स्वस्त प्रसाधन : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी

मुखदूषिकेची चिकित्सा घेणारी तरुणी तिसऱ्या-चौथ्या भेटीत एक प्रश्न हमखास विचारते : "डॉक्टर, बहिणीच्या लग्नात तोंडाला काही लावू की नको?" आपल्यापैकी बहुतेकजण "सगळे बंद" असे सांगून मोकळे होतात. रुग्णा मान डोलावते, घरी जाऊन लावायचे ते लावतेच, आणि काय लावले हे मात्र पुन्हा कधी सांगत नाही. पुढे चिकित्सेस उपशय का मिळत नाही याचा विचार आपण करीत बसतो. शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील रुग्णा पाहताना आमचे असे मत झाले आहे की, या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे हा चिकित्सेचाच भाग आहे. औषधविक्रेत्यांना तर हाच प्रश्न दुकानाच्या काउंटरवर दररोज विचारला जातो.

या भागातील परिस्थिती ध्यानात घ्यावी. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणाऱ्या मुली, दौंडहून रेल्वेने पुण्याला जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या स्त्रिया, ओढणीने चेहरा घट्ट बांधून दुचाकीवरून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थिनी, हा आपला रुग्णवर्ग. त्यात चैत्र-वैशाखाचे ऊन आणि ऐन त्याच दिवसांतील लग्नसराई. महागडे घ्यावे तर परवडत नाही आणि स्वस्तातले घ्यावे तर दुपारच्या पंगतीपर्यंत उतरते, ही त्यांची तक्रार खरी आहे. तथापि ते उतरण्याचे कारण किमतीत फारसे नसते.

कपाळ, नाक व हनुवटी या भागांत स्नेहग्रंथी दाट असतात. त्यांतून स्रवणारा स्नेह प्रसाधनातील तैलांशात सहज मिसळतो, रंगकण जागचे सुटतात आणि छिद्रांच्या व सुरकुत्यांच्या रेषांत गोळा होतात. पावडर स्नेहाने भिजली की तिचा रंग गडद दिसू लागतो. "सकाळी गोरी, दुपारी काळी" असे रुग्णा म्हणतात ते यामुळेच. ओढणीचे घर्षण आणि केसांतून कपाळावर उतरणारे खोबरेल तेल यांचा हातभार निराळाच. म्हणून प्रसाधन टिकवायचे तर खालचा थर चिकटणारा पण अत्यंत पातळ आणि वरचा थर कोरडा व स्नेह शोषणारा असावा लागतो.

हे तत्त्व आपल्या आजीला ठाऊक होते. जुन्या घरांत कुंकवाच्या करंड्याबरोबर मेणाची डबी असे. कपाळावर बोटाने मेणाचा बारीकसा ठिपका लावायचा, त्यावर कोरडे कुंकू टेकवायचे आणि जास्तीचे झटकून टाकायचे. उन्हात शेतावर राबूनही ते कुंकू संध्याकाळपर्यंत टिके. आज मोठ्या किमतीला 'प्रायमर' म्हणून जे विकले जाते त्याचे काम यापेक्षा वेगळे नाही. मेणाच्या जागी बहुधा सिलिकोन आले, इतकेच. (मेण संपूर्ण चेहऱ्याला लावण्याचा प्रयोग मात्र कोणी सुचवू नये. पिडका वाढतील.) मेणाची जागा पुढे चिकट टिकलीने घेतली. तिच्या काही डिंकांतील रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगाची चिकित्सा करणाऱ्यांस सांगणे नको. अशा डागास श्वित्र समजण्यापूर्वी टिकलीविषयी अवश्य विचारावे.

आता प्रत्यक्ष क्रम. सौम्य फेसवॉशने चेहरा एकदाच धुवावा. कपडे धुण्याच्या वा उग्र साबणाने वारंवार धुतल्यास त्वचा रूक्ष होऊन चुरचुरते आणि स्नेहस्राव काही थांबत नाही. अनेक गावांत कूपनलिकेचे पाणी जड असते. साबणाचा साका चेहऱ्यावर राहतो व त्यावर कोणतेच प्रसाधन नीट बसत नाही. अशा ठिकाणी शेवटचा हबका उकळून निवळलेल्या पाण्याचा मारण्यास सांगावे. नंतर तेलविरहित जेल स्वरूपाचे उन्हापासून संरक्षण देणारे मलम लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. ही दहा मिनिटे कोणी थांबत नाही, आणि अर्धे प्रसाधन तेथेच बिघडते.

यानंतर केवळ कपाळ, नाक व हनुवटीवर कॅलामाइन लोशनचा अगदी पातळ हात द्यावा. कॅलामाइन म्हणताच आपल्याला रसशास्त्रातील खर्पर आठवतो. आजच्या बाटलीत असते ते झिंक ऑक्साइड आणि त्यास गुलाबी छटा देणारे किंचित लोहाचे ऑक्साइड. प्रत्येक औषध दुकानात मिळणारी ही बाटली अल्प किमतीत महागड्या प्रायमरचे बरेचसे काम करते. त्वचा मुळात कोरडी असलेल्या स्त्रीस मात्र ती देऊ नये.

फाउंडेशन वाटाण्याएवढे पुरे. ते चोळू नये, ओल्या स्पंजने थापावे. ब्यूटी पार्लरमध्ये पॅनस्टिक व पॅनकेक दोन्ही वापरतात. पैकी पॅनस्टिक तेल-मेणाची असते, पॅनकेक पाण्याने लावायची असते. तैलीय त्वचेच्या वधूने पार्लरमध्ये पॅनकेक मागून घ्यावी. शेवटी कोरडी पावडर पफने दाबून बसवावी. नुसता टाल्क गुळगुळीतपणा देतो, स्नेह फारसा शोषत नाही. केओलिन, सिलिका वा स्टार्च असलेली पावडर अधिक उपयोगी. दुपारी चेहरा चमकू लागला म्हणजे आधी टिश्यू पेपर किंवा धुतलेला सुती रुमाल हलकेच टेकवून स्नेह टिपावा आणि मगच पावडर लावावी. तेलावरच पावडरचे थर चढवणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. रात्री हे सर्व काढूनच झोपावे.

येथे लेपाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. सुश्रुतांनी मुखदूषिकेत कफ, वात व रक्त यांची दुष्टी सांगून वमनाबरोबर वचा, लोध्र, सैंधव, सर्षप यांचा लेप सांगितला आहे. लोध्र, धान्यक व वचा हा शार्ङ्गधरांचा योग आपण नित्य वापरतो. मात्र शार्ङ्गधरांनी असेही बजावले आहे की, लेप ओला असेपर्यंतच व्याधिहर असतो, वाळलेला लेप कांती बिघडवतो. वाग्भटांनी लेप भिजवून काढावा व नंतर अभ्यंग करावा असे सांगितले आहे. आपल्या रुग्णा नेमके उलट करतात : मुलतानी माती चेहऱ्यावर तडकेपर्यंत ठेवतात, खरवडून काढतात आणि त्याच लालसर त्वचेवर लग्नाला जाण्यासाठी रंग चढवतात. समारंभाच्या दिवशी लेप नकोच. तो दोन दिवस आधी व्हावा, आणि लेपाचे पाकीट देताना औषधविक्रेत्याने "वाळू देऊ नका" एवढे दोन शब्द जरूर सांगावेत.

खरी चिंता यापुढे आहे. स्वस्त प्रसाधन टिकत नाही म्हणून कंटाळलेली मुलगी कुणाच्या तरी सांगण्यावरून एखादे 'गोरेपणाचे क्रीम' घेते. आठवड्यात पिडका बसतात, चेहरा तुकतुकीत दिसतो, पावडरही छान बसते. काही महिन्यांनी तीच मुलगी लाल चेहरा, गालांवर सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे, हनुवटीवर लव आणि क्रीम थांबवताच होणारा भडका घेऊन आपल्याकडे येते. हा स्टेरॉइडचा परिणाम होय. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण प्रसाधन म्हणून मागितले जाते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने चौदा बाह्योपयोगी स्टेरॉइड अनुसूची 'एच'मध्ये घातली. चिठ्ठीवाचून ती देणे बेकायदेशीर आहे.

दुसरा धोका पाऱ्याचा. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना झालेला मूत्रपिंडविकार एका क्रीमशी जोडला गेला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा आढळला. केरळातील कोट्टक्कल येथील वैद्यकांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील २२ मूत्रपिंडरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १५ जणांत विशिष्ट प्रकारचा विकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरीत होते. प्रसाधन नियम, २०२० अन्वये डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अन्यत्र पाऱ्याचा अंश नकळत आला तरी दशलक्षात एक भागाहून अधिक चालत नाही. रसौषधींचा अभ्यास असलेल्या आपल्या वर्गाने येथे शोधित पारदाचा युक्तिवाद करू नये. गोरेपणाचे क्रीम वापरणाऱ्या रुग्णेच्या पायांवर सूज दिसली तर त्याच दिवशी मूत्रातील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी.

औषधविक्रेत्यांनी माल घेताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत व घटकांची यादी पाहावी. परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक पाहावा. यांतील काही नसेल तर नफा कितीही असो, माल परत करावा. वैद्यास स्वतःच्या रुग्णांसाठी चूर्ण-लेप तयार करण्याची मुभा आहे; तेच डबीत भरून दुकानात विक्रीस ठेवायचे तर परवाना लागतो. आणि एखाद्या वैद्याकडून बिनलेबलची डबी दुकानात ठेवण्यासाठी आली, तर तीही तशीच परत पाठवावी.