तार तपासावी क्रमाने

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. पावसाळ्याचे दिवस होते. शेजारच्या बाई मुलीला घेऊन आल्या. त्या चार घरी पोळ्या करीत.

"गुरुजी, पोरीचा अकरावीचा अर्ज भरायचाय. उद्या शेवटची तारीख. तुमच्याकडे इंटरनेट आहे ना?"

इंटरनेट होते, पण टिकत नव्हते. एक पान भरले की जोडणी तुटे. तीनदा तसेच झाले. मुलगी रडकुंडीला आली.

आमची जोडणी टेलिफोनच्या तारेवरची होती. सरकारचे ब्रॉडबँड धोरण 2004 साली आले. त्यानंतर या तारेवरून इंटरनेट घरोघर येऊ लागले. एकाच तारेतून बोलणे जाते आणि इंटरनेटही जाते. दोन्ही वेगळे करायला एक लहान डबी लावतात. तिला स्प्लिटर म्हणतात.

आता मंडईत भाव विचारून पाहा. गलका फार असला, की समोरच्याचे बोलणेही कळत नाही. तारेचे तसेच आहे. संदेश गलक्याच्या वर जितका राहील, तितकी जोडणी पक्की. हे डेसिबलमध्ये मोजतात. मोडेमच्या माहितीत तो आकडा सापडतो. साधारण 6 च्या खाली गेला, की जोडणी डळमळते. आमचा आकडा होता 4.

आम्ही फोन उचलला. एक आकडा दाबून कान दिला. खरखर ऐकू आली. म्हणजे कुठेतरी सांधा सैल झालेला, नाहीतर ओला.

पण दोष घरात की बाहेर? तार घरात शिरते तिथे पहिली डबी होती. घरातल्या बाकीच्या तारा आम्ही तिच्यापासून सोडवल्या. मोडेम तिथेच जोडला. आकडा 12 झाला! म्हणजे बाहेरची तार ठीक होती.

शोधत गेलो. मागच्या पडवीत तारेला एक जोड होता. त्यावर पागोळीचे पाणी पडत होते. तांबे हिरवे पडले होते. तो जोड आमच्याच हातचा! नुसता पीळ देऊन चिकटपट्टी लावलेली. आणि दोन महिने आम्ही बोल लावीत होतो दुसऱ्यांना.

रात्री नऊला अर्ज गेला. बाईंनी पावतीवर बोट ठेवून मुलीचे नाव वाचले.

आता पुष्कळ घरी काचेची तार येते. तिच्यातून उजेड जातो. तिला ओलीपेक्षा दुमडण्याचे भय जास्त. मोडेमवर तांबडा दिवा लागला, तर तार दारात चेंगरली का, खिळ्यापाशी मोडली का, ते पाहावे. तिच्या टोकात डोळा घालून कधी पाहू नये.

ध्यानात ठेवा
1. तार घरात शिरते तिथून तपासायला लागा.
2. एका वेळी एकच गोष्ट बदला.
3. विजा चमकत असताना तारेला हात लावू नका.
4. जोडणी केव्हा तुटली, ती तारीख व वेळ वहीत लिहा. तक्रार करताना वाचून दाखवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

प्रश्न
1. दोष घरातला आहे, हे कशावरून कळले?
2. तुमच्या घरी कोणती तार येते? ती कुठून शिरते, ते पाहून लिहा.