लाखो फाइली उडवण्याआधी

सर्व्हर ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणून ओरडतोय आणि डीएफ तर भरपूर जागा मोकळी दाखवतंय, असं झालं की डीएफला आय पर्याय लावून पुन्हा बघ. आयनोड संपलेले असतात. एक्स्ट4 वर किती आयनोड असावेत हे फाइल सिस्टिम बनवतानाच ठरतं, आणि फाइल एका अक्षराची असली तरी तिला एक आयनोड लागतोच.

मग चोर शोधायचा. माझा पहिला संशय पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या मेलड्रॉपवर असतो. क्रॉनमधलं काम एक ओळ जरी बरळलं तरी क्रॉन त्याचं पत्र करून मालकाला पाठवतो. पोस्टफिक्स बंद असेल तर ती पत्रं मेलड्रॉपमध्ये पडून राहतात. दर मिनिटाला चालणारं एकच काम दिवसाला 1440 फाइली टाकतं, म्हणजे वर्षाला सव्वापाच लाख.

तिथे जाऊन सवयीने एलएस मारू नकोस. ते आधी सगळी नावं गोळा करतं, मग अकारविल्हे लावतं आणि तोवर तू रिकाम्या पडद्याकडे बघत बसतोस. डिरेक्टरी बाहेरूनच बघ: एलएसला एल आणि डी लाव. साधी डिरेक्टरी 4096 बाइट दाखवते. तिथे कोट्यवधींचा आकडा दिसला की समजायचं. नेमकी मोजणी हवीच असेल तर एलएसला छोटा एफ लाव म्हणजे ते क्रम लावत बसणार नाही, आणि निकाल डब्ल्यूसीकडे सोड.

आरएम आणि तारा मारलास की ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ येणार. यात आरएमचा दोष नाही, त्याच्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही. ताऱ्याच्या जागी सगळी नावं शेल भरतो आणि एवढी लांबलचक यादी कर्नल नाकारतो. लिनक्सवर पूर्वी ही मर्यादा 128 केबी होती, 2.6.23 पासून ती स्टॅकच्या मर्यादेचा चौथा हिस्सा आहे, म्हणजे सहसा 2 एमबी. ती वाढवायच्या खटपटीत पडू नकोस.

फाइंड वापर. फक्त त्याचा डिलीट पर्याय कायम सगळ्यात शेवटी लिही. फाइंड अटी डावीकडून वाचतो. डिलीट आधी आणि नावाची अट नंतर लिहिलीस, तर अट वाचायच्या आत फाइल गेलेली असते. म्हणून आधी डिलीटच्या जागी प्रिंट लिहून काय निघतंय ते बघ. आणि एमटाइम अधिक 7 म्हणजे सात नव्हे, पुरते आठ दिवस उलटलेल्या फाइली. यात भलेभले चुकतात.

रिकाम्या डिरेक्टरीवरून आरसिंक चालवायची युक्ती लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. चालते ती, पण एकेक फाइल मोडायचं काम तिलाही चुकत नाही. हाताशी फाइंड असताना मी तिकडे वळत नाही.

सगळंच उडवायचं असेल तर पोस्टफिक्स बंद असतानाच जुनी डिरेक्टरी त्याच फाइल सिस्टिमवर दुसऱ्या नावाने बाजूला सरकव आणि तिच्या जागी नवी बनव. नाव बदलायला क्षणही लागत नाही. जुनी मग टीमक्समध्ये सावकाश मोडत राहू दे. दिवसाच्या गर्दीत डिस्कला धाप लागली तर थांबव आणि रात्री पुन्हा लाव. दुसरा फायदा असा की एक्स्ट4 वर फाइली गेल्या तरी डिरेक्टरी सहसा फुगलेलीच राहते. नवी मात्र कोरी मिळते. पण आयनोड पार संपले असतील तर नवी डिरेक्टरीही बनत नाही, तेव्हा आधी थोड्या फाइली उडवून वाट मोकळी कर. मालक, गट, परवानग्या आधीच टिपून ठेव. मेलड्रॉपचा गट पोस्टड्रॉप असतो. तो चुकला की पुढची पत्रं अडलीच.

मोडायच्या आधी मात्र दोन-चार पत्रं पोस्टकॅटने उघडून वाच. शितावरून भाताची परीक्षा होते. कधी निरुपद्रवी बडबड निघते, कधी बॅकअप कित्येक महिने फसत असल्याची तक्रार. काम दुरुस्त कर. बडबडच असेल तर क्रॉनटॅबमध्ये मेलटू रिकामं ठेव. आणि जुना ढीग बाजूला काढल्याशिवाय पोस्टफिक्स सुरू करू नकोस, नाहीतर ती लाखो पत्रं तो इमानेइतबारे रूटच्या पेटीत पोचवायला लागेल.